पेपरात पूर्ण मार्क, ताटात मात्र दुधी बाजूला: पोरांना भाजी-फळं खायला शाळा शिकवू शकते का?

तापीकाठचा मास्तर

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते पाचवी.

परिसर अभ्यासाच्या पेपरात समतोल आहारावर प्रश्न आला की आमची पोरं धडाधड लिहितात. 'अ' जीवनसत्त्व गाजरात, 'क' आवळ्यात, लोह पालेभाजीत. चौथीतल्या एका पोरीला रातांधळेपणा कशाने होतो तेसुद्धा तोंडपाठ आहे. अन् दुपारच्या पंगतीत तीच पोरगी खिचडीतल्या दुधीच्या फोडी एकेक करून ताटाच्या काठावर रचते. तिला काही माहीत नाही असं कसं म्हणू? माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोरामागे ५० ग्रॅम भाजी धरली आहे, सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम. तांदूळ, डाळ वरून येतात. भाजी अन् इंधनाचं आपल्याला बघावं लागतं. मग जे टिकतं, स्वस्त पडतं अन् चिरायला सोपं असतं तेच पातेल्यात जातं. म्हणजे बटाटा, कांदा, कधीमधी टोमॅटो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही हातपंपाच्या वाया जाणाऱ्या पाण्यावर वाफे केले. मेथी, पालक, मुळा. कुंपणावर गिलके अन् वाल. एकेक वाफा चार-पाच पोरांना वाटून दिला. मुळा आमच्याकडे सगळ्यात नावडता, घरी वासानेच नाक मुरडतात. पण स्वतः उपटलेला मुळा पोरांनी हातपंपाखाली धुतला, मीठ लावला अन् वर्गभर फिरवला. ज्यांच्या वाफ्यात मुळा नव्हता ते हावरटासारखे मागे लागले. तोच मुळा बाजारातून आणून खिचडीत घातला असता तर कुत्र्याला गेला असता.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आपण ज्याला आहाराचं शिक्षण म्हणतो ते फळ्यावरचं असतं, अन् काम होतं ते वाफ्यावर. तुमच्याकडे, घरी, शाळेत, अंगणवाडीत काय अनुभव आहे? नुसतं 'पालकांमध्ये जागृती हवी' असं कोणी लिहू नका, ते मी दर सभेत ऐकतो.

भुसावळ जंक्शन

सर, आधी मोठ्यांचं बघा. आपल्या ढाब्यावर ताटात हिरवं म्हणून काय असतं? लिंबू अन् मिरची. शेवभाजी, पाटोडी, वरून तर्री. लग्नात वरण-बट्टी अन् वांग्याची घोटलेली भाजी, तिच्यावर तेलाचा थर. मी स्वतः दोन वाट्या रिचवतो, त्यामुळे कोणाला उपदेश करत नाही. वाचतोय.

पांझरा

मी धुळ्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मास्तर, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि ते फक्त यावलचं नाही.

आधी आकडे सांगते, कारण पुढे चर्चेत लागतील. जागतिक आरोग्य संघटना दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते. ६ ते ९ वर्षांच्या मुलांना ३५० आणि २ ते ५ वर्षांच्यांना २५० ग्रॅम. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरीच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. बटाटा यात धरत नाहीत, तो भाकरीच्या बाजूचा. तेव्हा पातेल्यात बटाटा गेला म्हणून भाजी झाली असं समजू नका.

आता तुमचा मुळा. मूल नवीन चव पहिल्या घासात स्वीकारत नाही. आठ-दहा वेळा, काही मुलांना त्याहून जास्त वेळा, थोडी थोडी चाखायला मिळाली तर चव ओळखीची होते. आई बिचारी दोन-तीनदा करून बघते, पोरगं थुंकतं, मग 'याला चालत नाही' असा शिक्का बसतो तो लग्नापर्यंत. शाळेचा फायदा इथेच आहे. शाळेत तीच भाजी पुन्हा पुन्हा येऊ शकते, आणि शेजारचा खात असतो. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये बँगोर विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 'फूड ड्यूड्स' नावाचा शालेय कार्यक्रम याच पायावर उभा केला: मुलांना आवडतील असे नायक, रोज चाखणं आणि चाखल्याबद्दल छोटं बक्षीस.

बक्षिसाबद्दल एक धोक्याची सूचना. शिक्का, स्टिकर, पेन्सिल चालेल. 'भाजी खाल्लीस तर चॉकलेट देईन' हे मात्र करू नका. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आहे.

केळीवाला रावेर

राम राम मास्तर. तुमच्या शेजारच्याच तालुक्यातला.

तुम्ही भाजीचं बोलले, मी केळीचं सांगतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमचा माल रावेर-सावद्याहून दिल्लीकडे जातो. पण केळी पिकवणाऱ्या घरातलं पोरगं केळी किती खातं ते विचारा. घड कच्चा कापतो, ट्रक भरतो, पैसे बोर्ड भावाने, म्हणजे त्या दिवशी जाहीर झालेल्या भावाने घेतो. पिकतो तो तिकडे रायपनिंग चेंबरमध्ये. आमच्या घरात केळी म्हणजे माल, खायची वस्तू नाही. अन् कोणी दवाखान्यात ॲडमिट असलं की भेटायला जाताना सफरचंद घेऊन जातो. दीडशे-दोनशे रुपये किलोचं. चारचौघांत केळी न्यायची लाज वाटते!

ताईंनी आकडे दिले तर मीही देतो, कृषी विभागाच्या प्रशिक्षणात ऐकलेले. शंभर ग्रॅम केळीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, सफरचंदात शंभरच्या आसपास. ऊर्जाही केळीत पावणेदोन पट. खोटं असेल तर सांगा.

दुसरं, आमच्याकडे पक्कं डोक्यात आहे की हिवाळ्यात केळी खाल्ली की सर्दी होते. शिकलेल्या बायकाही देत नाहीत. अन् हिवाळ्यात भाव पडला की तीच केळी गुरांपुढे टाकतो. सर्दी गुरांना होत नसावी.

पांझरा

आकडे बरोबर आहेत, दादा. आणि सर्दी विषाणूने होते, केळीने नाही. दमा किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असलेल्या मुलाचं वेगळं, तिथे डॉक्टरांना विचारावं. बाकी घरोघरी ही भीती मीही रोज ऐकते.

तुमच्या यादीत आणखी एक जोडते. पेरू. 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या जवळपास चौपट, आणि हिवाळ्यात हातगाडीवर मिळतो. तरी आजारी माणसाला कोणी पेरू नेत नाही.

उलटतपासणी

सगळ्यांचं वाचून थोडं थंड पाणी ओततो.

शिक्षणाने खाणं सुधारतं हे तुम्ही गृहीतच धरलंय. जळगाव शहरात सीबीएसई शाळांतली पोरं घ्या. आईबाप डॉक्टर, इंजिनिअर. डब्यात काय? नूडल्स, सॉस, पाकिटातला केक. यांना माहिती कमी आहे का? उलट २०२५ मध्ये सीबीएसईला शाळांना सांगावं लागलं की कशात किती साखर असते ते सांगणारे फलक भिंतीवर लावा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केला की जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. तुमच्या गावातल्या शाळेसमोरच्या टपरीवर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकत नाहीत असं छातीवर हात ठेवून सांगा.

इंग्लंडमध्ये ४ ते ६ वर्षांच्या मुलांना शाळेत रोज एक फळ किंवा भाजी फुकट देतात. अभ्यास झाले तेव्हा दिसलं की योजना असेपर्यंत खाणं वाढतं, वय उलटून योजना बंद झाली की पोरं मूळपदावर. मग शिकली काय?

खरं कारण भाव आणि वेळ. कपाशी वेचायला सकाळी सातला गेलेली बाई संध्याकाळी येऊन मेथी निवडत बसेल का? ती भाकरी आणि ठेचा करेल. तिला पोस्टर दाखवणं म्हणजे तिची थट्टा आहे.

खापरावरची

@उलटतपासणी, कपाशी वेचणारी बाई मेथी निवडत बसत नाही हे खरं. पण ती शेतातून येताना ओट्यात काय घेऊन येते ते तुम्ही कधी बघितलं नसेल.

माझं माहेर अमळनेरकडचं, आता पुण्यात. माझी आजी शाळेचं तोंड न पाहिलेली. तिला बांधावरच्या भाज्या ओळखू यायच्या: घोळ, पोकळा, तांदुळजा, चिवळ, कुर्डू, अंबाडी, पाथरी. हरभऱ्याचा कोवळा पाला ती खुडून आणायची, थोडा हिरवा खायला, बाकीचा सावलीत वाळवून मडक्यात. उन्हाळ्यात भाजी नसली की तो पाला चुरून, ज्वारीचं पीठ लावून, लसणाच्या फोडणीची पातळ भाजी. पैसा शून्य. आई सातवी शिकली, तिला यातल्या निम्म्या येतात. मी एमकॉम. मी ऑनलाइन पालक मागवते.

म्हणजे शिक्षणाने आमच्या घरात भाजी वाढली नाही, कमी झाली. 'रानातलं गरीब खातात' हे आम्ही शाळेतच शिकलो. पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण डब्यात अंबाडीची भाजी आणली की पोरी हसायच्या, तेवढ्याने शिकलो.

मास्तर, तुमच्या वाफ्यात पोकळा लावा. पालकासारखे नखरे नाहीत, खुडला की पुन्हा फुटतो. करायची पद्धत: तुरीची डाळ मूठभर शिजवून घ्यायची, पोकळा बारीक चिरून त्यात, वरून लसूण-मिरचीची फोडणी आणि थोडं दाण्याचं कूट. पाणी टाकून द्यायचं नाही. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर माझी दोन्ही मुलं खातात. नूडल्सही खातात, उगाच खोटं कशाला बोलू.

आणि कृपा करून भाज्या लपवून घालायला सांगू नका. थालीपीठात दुधी किसून घातला तर पोटात जातो, मान्य. पण पोराला दुधी कुठे कळतो? पुढच्या वेळी फोड दिसली की काठावरच.

सातपुड्याची

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडून लिहिते. अंगणवाड्यांशी कामाचा संबंध आहे, एवढंच सांगते.

खापरावरची ताईंनी लाजेचं लिहिलं ते आमच्याकडे दहापट आहे. इथलं पोरगं आश्रमशाळेत जातं, सुट्टीत घरी आलं की बांबूचे कोंब, कटुर्ले, टाकळा याच्याकडे बघत नाही. आईबापाला वाटतं, पोरगं शिकलं. खरं तर पावसाळ्यात ज्या भाजीसाठी शहरातले लोक हल्ली रानभाजी महोत्सवात पैसे मोजतात, ती इथे दाराबाहेर उगवते. पुण्या-नाशिकचा माणूस कौतुक करून खातो हे पोरांना दिसलं तेव्हा कुठे दोन पोरी आईबरोबर कटुर्ले शोधायला गेल्या. याला शिक्षण म्हणायचं का, मला माहीत नाही. प्रतिष्ठा म्हणा.

आमच्याकडे अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा आईला अंगणवाडीत दिवसाला एक चौरस गरम जेवण मिळतं, २०१५ पासून. नंतर ७ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं सुरू झालं. या जेवणाच्या वेळी जे शिकवता येतं ते सभेत येत नाही. शेवग्याचा पाला वरणात घालून सगळ्यांसमोर शिजवला, तिथेच वाढला, 'कडू लागला का?' विचारलं. पुढच्या आठवड्यात एका बाईने घरच्या झाडाचा पाला पदरात आणला. यात एकही पोस्टर नाही.

पण उलटतपासणी म्हणतात त्यात तथ्य आहे. दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत, पश्चिम महाराष्ट्रात जातो. तिथे ना अंगणवाडी, ना वाफा, ना शेवगा. तांदूळ, मिरची, मीठ. शिकवलेलं तिकडे कशावर शिजवायचं?

अजून एक, कोणी बोललं नाही म्हणून. आमच्या आठवडे बाजारात पिशवी घेऊन बऱ्याचदा पुरुष असतो. सगळे पोषणाचे कार्यक्रम बायकांसाठी. बाई शिकते, पैसा ज्याच्या खिशात तो बाजारातून बटाटे, सुकट अन् पोरांसाठी पुडे घेऊन येतो. बापाला कधी शिकवणार?

भुसावळ जंक्शन

सातपुड्याची ताई, हे वाचून मी गप्प. आमच्या घरी बाजार मीच करतो. अन् खरंच, गेल्या रविवारी काय आणलं आठवलं तर वांगी, बटाटे, भेदरे (टोमॅटो), मिरची, फरसाण. फळ एकही नाही. बायकोने सांगितलं नव्हतं म्हणून नाही आणलं, असं म्हणणार होतो, पण मग फरसाण तरी तिने कुठे सांगितलं होतं.

पांझरा

भाऊ, वांगी आणली ना, ती भाजीच आहे. आपल्या भरताच्या वांग्यालाही मानांकन आहे. काट्यांवर भाजलेलं वांगं, बडगीत (लाकडी उखळीत) ठेचलेला मिरची-लसूण, कांद्याची पात, यात वाईट काहीच नाही. तेल निम्मं करा आणि पात दुप्पट. मी पेशंटना भरीत बंद करा असं कधीच सांगत नाही, कारण ते बंद होणार नाही, माझ्याकडे येणं बंद होईल.

@उलटतपासणी, इंग्लंडच्या योजनेवरून तुम्ही काढलेला निष्कर्ष अर्धाच आहे. नुसतं फळ हातात दिलं तर ते देईपर्यंतच टिकतं, हे खरं. म्हणून तर हातात देणं, चाखणं, लावणं, शिजवणं आणि घरापर्यंत नेणं एकत्र लागतं. जपानने २००५ मध्ये आहारशिक्षणाचा कायदा केला. तिथल्या प्राथमिक शाळेत मुलं ॲप्रन बांधून स्वतः वाढतात, शिक्षक त्याच वर्गात तेच जेवतात. जेवणाचा तास हाच तास. भाव आणि वेळ हे अडसर आहेतच, ते मी नाकारत नाही. पण ज्या घरात पैसा आणि वेळ दोन्ही आहे तिथेही डब्यात नूडल्स आहेत, हे उदाहरण तुम्हीच दिलंत. मग तिथे भाव कुठे आडवा आला?

उलटतपासणी

तिथे टीव्ही आणि मोबाइलवरची जाहिरात आडवी आली. जाहिरातही शिक्षणच आहे, रोज देणारं, आणि तुमच्या पोस्टरपेक्षा शंभरपट हुशार माणसांनी बनवलेलं. एवढं मान्य करा, मी बाकीचं मान्य करतो.

पांझरा

मान्य.

चोपड्याची लेक

मध्येच विचारते. नर्सिंगला आहे, होस्टेलवर राहते. हिमोग्लोबिन कमी आलंय. मेसमध्ये आठवड्यातून दोनदा पालक असतो, तो खाते. तरी वाढत नाही.

पांझरा

आधी डॉक्टरांना दाखव आणि गोळ्या दिल्या असतील तर त्या नीट घे, ते भाजीवर सोडू नकोस. जेवणाचं म्हणशील तर पालेभाजीतलं लोह शरीर कमीच उचलतं. बरोबर लिंबू पिळ, पेरू किंवा आवळा खा, म्हणजे जास्त उचललं जातं. जेवणानंतर लगेच चहा घेतेस का? तो तासभर तरी लांब ठेव.

चोपड्याची लेक

लगेचच घेते. मेसमध्ये तेव्हाच मिळतो. 🙈 धन्यवाद ताई.

नाना पाटोडीवाले

हाई बठ्ठं खरं शे, पन पैसा कोठे शे भो? शाळेत केळी देणार म्हणे, अंडी देणार म्हणे. २०२३ मध्ये सरकारने आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्याला केळं सुरू केलं अन् २०२५ च्या जानेवारीत अंड्याचा पैसा देणं बंद केलं. लोकवर्गणीतून द्या म्हणे. पोरांना सवय लावायची अन् मग काढून घ्यायची, हे कोणतं शिक्षण?

तापीकाठचा मास्तर

नाना, यावर माझ्याकडे उत्तर नाही. नोकरीत आहे, जास्त लिहीत नाही.

बाकी तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलं त्यातून मला माझ्या शाळेपुरतं दिसतंय ते सांगतो. पंगतीआधी मी रोज चव घेतो, नोंदवहीत सही करतो अन् ऑफिसात जाऊन बायकोने दिलेला डबा खातो. पोरांना दिसतं की सरांना खिचडी चालत नाही. त्या जपानच्या गोष्टीने ते टोचलं. आता पंगतीतच बसणार. सातपुड्याच्या ताईंचं बापांचं म्हणणंही डोक्यात बसलं. पालक सभेला आया येतात, बाप येत नाहीत. पण वाफे खणायला अन् कुंपण घालायला बापच आले होते, फावडं घेऊन, न बोलावता. तेव्हा पुढची सभा वाफ्यावर. काय लावायचं अन् बाजारातून काय आणायचं ते तिथेच बोलू.

स्वयंपाकी ताईंना कोणी विचारत नाही, मीही यादी फक्त त्यांच्या हातात द्यायचो. त्यांना पोकळ्याचं सांगितलं तर म्हणाल्या, 'सर, निवडायला माणूस द्या, मग काय पण करते.' पाचवीची पोरं शेवटच्या तासाला निवडतील. पाल्याला हात लागला की तोंडही लागेल असा माझा अंदाज आहे.

केळीवाले दादा, भाव पडलेल्या दिवसांत गावातले दोन-तीन शेतकरी पिकलेले घड शाळेला देतील का, तेवढं विचारून बघा. हिवाळ्यातच द्या. सर्दीचं मी बघतो.

केळीवाला रावेर

देतो. पण घड कच्चा मिळेल, पिकवायचं तुमच्याकडे. भाताच्या काडात झाकून ठेवा, तीन-चार दिवसांत येतो. उंदरांपासून सांभाळा. अन् मास्तर, तुमच्या पोरांना एक दिवस बागेत आणा, घड कापताना बघतील. माझा नातू पण त्याच दिवशी येईल, त्याने अजून बघितलेला नाही.

खापरावरची

पोकळ्याचं बी मी दिवाळीला अमळनेरला येईन तेव्हा आणू शकते, पण तोवर तुमचा हंगाम निघून जाईल. फैजपूरच्या बाजारात जुन्या बी-बियाण्यावाल्याकडे विचारा, पाकिटातलं नको, सुटं मिळतं ते.

सातपुड्याची

शेवग्याच्या फांद्या मी देते. जूनच्या पहिल्या पावसाच्या आधी लावल्या तर धरतात. हाताएवढ्या जाड लागतात, बारीक कुजतात. कोणी शहाद्यावरून चोपडा-यावलकडे येणारं असेल तर इथेच सांगा, पाठवते.

भुसावळ जंक्शन

माझा मेहुणा दर पंधरवड्याला शहाद्याला असतो, पिकअप घेऊन. मास्तर, व्यनि करतो.